घरच्या घरी हत्यारांची पेटी

पनवेल हे एकेकाळी चाकांचे गाव होते, हे आज तेथील रहिवाशांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि मुंबईहून खाडीमार्गे पनवेल बंदरात उतरलेला माल बैलगाड्यांनी पुण्याकडे जाऊ लागला. गाडी आली म्हणजे चाक आले आणि चाक आले म्हणजे सुतार आलाच. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या इंपिरियल गॅझेटियरमध्ये या गावाचा मुख्य धंदा गाडीची चाके बनविणे हा असल्याची नोंद आहे. देशावरून उतरलेला गाडीवान परत जाताना चाकांची एक जोडी घेऊन जात असे, असेही तेथे नमूद केले आहे. पनवेलला नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. या दीर्घ काळात रबरी धावेचे चाक आले, मालमोटारी आल्या आणि तुंबा, आरे, धाव हे शब्द रोजच्या बोलण्यातून हळूहळू मागे पडले.

धंदा गेला याची खंत करण्याचे येथे प्रयोजन नाही. जुने धंदे जातात, नवे येतात. परंतु चाक घडविणाऱ्या कारागिरांबरोबर आणखी एक गोष्ट गावातून नाहीशी होत गेली. ती म्हणजे हाताशी असलेली, धार लावलेली, वापरात असलेली हत्यारे. शाळेतील बाकाची फळी निखळते, ग्रामपंचायतीच्या कार्यालयाच्या खिडकीची बिजागरी गळते, समाजमंदिराच्या दाराचा कोयंडा सैल होतो. ही कामे अर्ध्या तासाची असतात. तरी ती महिनोन् महिने पडून राहतात, कारण हातोडी एकाकडे असते, पेचकस दुसऱ्याकडे, आणि करवत कोठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. ती सापडलीच तर पावसाळ्यात गंजलेली असते. पैशाची तरतूद, कामाचे अंदाजपत्रक, मंजुरी हे सर्व मोठ्या कामांसाठी आवश्यक आहे. लहान कामांना हवी असते ती फक्त एक पेटी, जी कोणीही उचलावी आणि कामाच्या ठिकाणी नेऊन ठेवावी.

अशी पेटी बाजारात पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची मिळते. ती वाईट आहे असे नाही. परंतु लाकडी पेटी घरी किंवा शाळेत बनविण्याचा लाभ दुहेरी आहे. पेटी तर मिळतेच, शिवाय ती बनविताना मोजणे, आखणे, कापणे, जोडणे व पुसणे ही सुतारकामाची पाचही अंगे शिकून होतात. पेटी पूर्ण झाली म्हणजे तीत ठेवावयाची हत्यारे वापरता येऊ लागलेली असतात.

शिक्षणक्षेत्राला हा विचार नवा नाही. स्वीडनमधील नेस येथे ओट्टो सालोमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूडकामाच्या आधारे शिक्षण देण्याची पद्धत रुजविली आणि देशोदेशीचे शिक्षक ती शिकण्यासाठी तेथे गेले. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने जी योजना मांडली, तीत सूतकताईबरोबर सुतारकामालाही मूलोद्योगाचे स्थान होते. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू करून हाताने काम करीत शिकण्याचा अभ्यासक्रम ग्रामीण मुलांसाठी उभा केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्या काळात स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची कल्पना मांडली आहे. सुतार, माळी, कुंभार यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. या दहा दिवसांत मुलांकडून नेमके काय करून घ्यावे, असा प्रश्न शिक्षकांना पडला तर ही पेटी त्याचे एक उत्तर होऊ शकेल.

लाकडाची निवड

कोकणात हवा हाच लाकडाचा खरा परीक्षक आहे. पनवेल परिसरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुसळधार पाऊस पडतो आणि त्या महिन्यांत हवा बाष्पाने भरलेली असते. लाकूड हे बाष्प शोषून फुगते आणि उन्हाळ्यात ते सोडून आकसते. मात्र ते सर्व दिशांना सारखे फुगत नाही, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पेटीची सारी रचना तिच्यावर आधारलेली आहे.

लाकूड म्हणजे लांबच लांब तंतूंची जुडी. तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ मुळीच वाढत नाही. तंतूंच्या आडव्या दिशेने, म्हणजे फळीच्या रुंदीत, ते वाढते. सागासारख्या तुलनेने स्थिर लाकडाची आठ-नऊ इंच रुंद फळी मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत जवळजवळ एक सूत रुंद होऊ शकते. एका इंचाची आठ सुते होतात आणि एक सूत म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, तरी वखारीतील व्यवहार व सुताराची बोली अजूनही इंच आणि सुतातच चालते. म्हणून या लेखात तीच मापे दिली आहेत. सुतार हा शब्द सूत्रधार या शब्दावरून आला, असे सांगितले जाते. त्याच्या हातातील दोरा आणि त्याच्या बोलीतील सूत ही दोन्ही मापाचीच साधने होत.

पनवेलच्या चाक बनविणाऱ्यांना लाकडाच्या या स्वभावाशी रोजच गाठ होती. खाडीकाठच्या दमट हवेत ठाकठीक बसलेला आरा घाटावरील कोरड्या उन्हात सैल पडतो. म्हणून चाकाचे लाकूड पुरेसे मुरलेले असावे लागते. त्यावरही चाक खुळखुळू लागले तर गाडीवान ते नदीच्या पाण्यात उभे करून ठेवी, म्हणजे लाकूड फुगून सांधे पुन्हा आवळले जात.

पेटीसाठी साग सर्वोत्तम. त्यात स्वाभाविक तेलाचा अंश असल्याने पाणी व वाळवी यांपुढे तो टिकतो. नवा साग महाग पडतो, परंतु जुन्या घरांच्या पाडकामातून निघालेल्या सागाच्या फळ्या जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात. अनेक पावसाळे पाहिलेले असे लाकूड पुरते मुरलेले असते. मात्र त्यातील जुने खिळे काळजीपूर्वक उपटून काढावेत. एक राहून गेलेला खिळा करवतीचे दात बोथट करण्यास पुरेसा होतो. आंबा किंवा फणस यांचे लाकूडही चालेल, परंतु आंब्याला कीड लवकर लागते. फळीवर सुईच्या टोकाएवढी भोके आणि खाली बारीक भुसा दिसल्यास ती फळी घेऊ नये. फळीचा बाहेरचा फिकट भाग टाळून आतील गडद भाग घ्यावा. खैरासारखे टॅनिनयुक्त लाकूड या कामाला योग्य नाही. ते कठीण तर असतेच, शिवाय दमट हवेत त्याला टेकलेल्या लोखंडावर काळे डाग पडतात.

येथे पंचायत सदस्यांच्या माहितीसाठी एक सूचना करणे आवश्यक वाटते. स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरील साग तोडण्यासही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये परवानगी लागते. लाकूड वखारीतून पावती घेऊनच खरेदी करावे.

मापे व कापणी

दोन फळ्या पुरतात. पहिली आठ इंच रुंद, सहा सूत जाड व साडेतीन फूट लांब. दुसरी पाच इंच रुंद, चार सूत जाड व तेवढीच लांब. दोन्ही मिळून लाकूड घनफुटाच्या पाचव्या हिश्श्याएवढे होते. याखेरीज सव्वा इंच जाडीचा व वीस इंच लांबीचा एक गोल दांडा मुठीसाठी लागेल. मोडक्या कुदळीचा किंवा फावड्याचा सरळ दांडा या कामी उत्तम.

जाड फळीतून अकरा इंचांचे दोन तुकडे व साडेअठरा इंचांचा एक तुकडा कापावा. अकरा इंचांचे तुकडे म्हणजे पेटीच्या दोन टोकफळ्या, साडेअठरा इंचांचा तुकडा म्हणजे तळफळी. पातळ फळीतून वीस इंचांच्या दोन बाजूफळ्या काढाव्यात. करवतीची भेग स्वतः काही लाकूड खाते. म्हणून सर्व मापे एकदम आखून कापू नयेत. एक तुकडा कापून झाल्यावर पुढील माप आखावे. रेघ गुण्या लावून फळीच्या चारही बाजूंवर फिरवून घ्यावी व करवत रेघेच्या बाहेर, टाकाऊ भागात चालवावी. गुण्या नसल्यास तीन, चार व पाच इंच बाजूंचा त्रिकोण जाड पुठ्ठ्यावर काढून कापला तरी बिनचूक काटकोन मिळतो. भूमितीच्या तासाला केवळ फळ्यावर राहणारा हा सिद्धांत मुलांच्या हाती येण्याची ही चांगली संधी आहे.

टोकफळ्या उभ्या धराव्यात, म्हणजे त्यांचे तंतू खालून वर जातील. वरच्या कडेचा मध्य काढून त्याच्या दोन्ही बाजूंस दीड-दीड इंचावर खूण करावी. दोन्ही उभ्या कडांवर तळापासून पाच इंचांवर खूण करावी. या खुणा तिरप्या रेघांनी जोडून बाहेरचे त्रिकोण कापून टाकावेत. आता वरच्या कडेपासून दोन इंच खाली, मध्यरेषेवर, दांड्याच्या जाडीचे भोक पाडावयाचे आहे. मोठा सामता किंवा विजेचे छिद्रयंत्र उपलब्ध नसल्यास वर्तुळ आखून त्याच्या आतल्या कडेने गिरमिटाने लागून लागून बारीक भोके पाडावीत, मधला गाभा पटाशीने काढावा व गोल कानशीने कड साफ करावी. दोन्ही टोकफळ्या एकमेकींवर ठेवून भोकाचा मध्य एकदमच टोचून घेतला तर दांडा पुढे तिरपा बसत नाही. भोकाच्या वर किमान सव्वा इंच लाकूड शिल्लक राहिले पाहिजे, कारण पेटीचा सारा भार तेथेच पडतो.

जोडणी

जोडणीत नवखा माणूस तळफळी खालून ठोकतो. पेटी उचलली की हत्यारांचे वजन खिळ्यांना सरळ खाली ओढते, आणि काही महिन्यांत तळ सुटतो. त्याऐवजी तळफळी टोकफळ्यांच्या व बाजूफळ्यांच्या मध्ये बसवावी आणि खिळे बाहेरून आडवे मारावेत. मग वजनाला खिळा उपटता येत नाही, तो कापावाच लागेल. ओढीपेक्षा आडव्या जोराला खिळा कितीतरी अधिक टिकतो.

प्रथम टोकफळ्या तळफळीच्या दोन्ही टोकांना, प्रत्येकी तीन दोनइंची खिळ्यांनी जोडाव्यात. नंतर दोन्ही बाजूफळ्या बसवाव्यात. त्यांची खालची कड तळफळीच्या खालच्या पृष्ठभागाशी बरोबर जुळावी. येथे दीड इंची खिळे घ्यावेत. ज्या फळीतून खिळा मारावयाचा तिच्या जाडीच्या तिप्पट लांबीचा खिळा, हा साधा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रत्येक कोपऱ्यात तीन आणि तळाच्या कडेला सुमारे चार-चार इंचांवर खिळे मारावेत. एक डावीकडे व पुढचा उजवीकडे किंचित कललेला असा मारला तर सांधा अधिक धरतो. सर्व खिळे ठोकण्यापूर्वी पेटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजून पाहावेत. ते सारखे भरले तर पेटी काटकोनात आहे. फरक आढळल्यास लांब कर्णाच्या कोपऱ्यांना हलका दाब देऊन तो काढता येतो.

फळीच्या टोकाजवळ खिळा मारताना लाकूड चिरते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे खिळ्यापेक्षा बारीक गिरमिटाने आधी भोक पाडणे. दुसरा उपाय अनुभवी सुतारांचा. खिळ्याचे अणकुचीदार टोक हातोडीच्या एका ठोक्याने बोथट करावे. अणकुचीदार टोक तंतूंना पाचरीसारखे दोहों बाजूंस फाकविते आणि लाकूड चिरते. बोथट टोक तंतू चेंगरून पुढे सरकते.

तंतूंच्या दिशेचा मुद्दा येथे पुन्हा येतो. टोकफळ्यांचे तंतू उभे आणि तळफळीचे लांबीच्या दिशेने असल्याने पावसाळ्यात या तिन्ही फळ्या फक्त पेटीच्या रुंदीत फुगतात. तिन्ही एकाच मोठ्या फळीतून कापल्या असल्याने जवळजवळ सारख्याच फुगतात. बाजूफळ्या त्यांच्याबरोबर किंचित बाहेर सरकतात आणि उन्हाळ्यात परत आत येतात. सांध्यावर ताण येत नाही. टोकफळ्या आडव्या तंतूंच्या ठेवल्या असत्या तर त्या रुंदीत मुळीच वाढल्या नसत्या, तळफळी मात्र वाढली असती आणि एकदोन पावसाळ्यांत कोपरे उघडले असते. बाजूफळीवरचे खिळे टोकफळीच्या तंतूंमध्ये आडवे शिरतात व घट्ट पकडतात, हा आणखी एक लाभ. तंतूंच्या कापलेल्या टोकांत शिरलेला खिळा तितका धरत नाही. सरस किंवा फेविकॉल लावावयाचा असेल तर तो बाजूफळी व तळफळी यांच्या सांध्याला लावावा. तेथे दोन्हींचे तंतू एकाच दिशेचे आहेत. बाजूफळी व टोकफळी यांच्या सांध्याला नुसते खिळे असू द्यावेत, कारण लाकडाच्या थोड्याशा हालचालीबरोबर खिळा लवतो, सरसाचा सांधा तडकतो.

शेवटी दांडा दोन्ही भोकांतून आरपार घालावा व प्रत्येक टोकफळीच्या वरच्या कडेतून एक दोनइंची स्क्रू सरळ खाली दांड्यात बसवावा. तळाखाली लांबीच्या दिशेने एक इंच रुंद व अर्धा इंच जाड अशा दोन पट्ट्या मारल्या म्हणजे पेटी ओल्या जमिनीपासून उंच राहते. सागाची अशी पेटी रिकामी असताना साडेतीन किलोच्या आसपास भरते. पाडावयाच्या घराच्या दारालाही शोभेल असे पितळी कोपरे तिला लावण्याचा मोह काहींना होतो. तो खर्च हत्यारांवर करावा.

खाडीची खारी हवा ध्यानात घेता खिळे जस्त चढविलेले व स्क्रू पितळी असलेले बरे.

पावसाळा आणि गंज

पेटी पॉलिश पेपरने घासून तिला जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत. पहिला हात पूर्ण सुकल्यावरच दुसरा द्यावा. टोकफळ्यांच्या खालच्या व वरच्या कडांना तेल अधिक पाजावे, कारण तंतूंच्या कापलेल्या टोकांतून पाणी सर्वांत वेगाने आत शिरते. येथे एक धोका सांगितला पाहिजे. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तेल सुकताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात. शाळेत हे काम करून घेणाऱ्या शिक्षकांनी या बाबीकडे स्वतः लक्ष द्यावे.

या पेटीला झाकण का नाही, अशी पृच्छा होण्याचा संभव आहे. हवेतील आर्द्रता सुमारे साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग वाढतो, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने ती त्याहून पुष्कळच अधिक असते. बंद पेटीत ओल शिरली म्हणजे ती तेथेच राहते. उघड्या पेटीतील हत्यार नजरेसमोर राहते आणि पुसले जाते. गोणपाटाच्या पिशवीत हत्यारे ठेवण्याची रीत सर्वत्र दिसते. पावसाळ्यात ती पिशवी ओल धरून ठेवते व गंज आतल्या आत वाढतो. काम झाल्यावर हत्यार कोरड्या फडक्याने पुसावे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात त्यावर फिरवावा. खोबरेल तेल घरात हाताशी असते, परंतु ते कालांतराने चिकट होते. धारेच्या हत्यारांसाठी पेटीच्या आतील बाजूस चामड्याची पट्टी दोन-दोन इंचांवर चुकांनी ठोकावी. तिच्या खणांत पटाशी, कानस, पेचकस उभे राहतात व हात कापण्याचे भय कमी होते.

पेटीत काय असावे याचा निर्णय कामावरून करावा. हातोडी, पक्कड, दोन पेचकस, एक मागेपुढे होणारा पाना, अठरा इंचांच्या आत बसेल अशी करवत, एक पटाशी, एक कानस, गिरमिट, गुण्या, मोजपट्टी आणि डब्यांतून वेगवेगळ्या मापांचे खिळे-स्क्रू एवढे असले की शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या किरकोळ दुरुस्त्यांपैकी बहुतेक भागतात. नळाचे वॉशर चार-सहा ठेवावेत. रंधा हवाच असेल तर वेगळा ठेवावा, त्याचे पाते इतर हत्यारांवर आपटून खराब होते.

गावातील सुतारास या कामात सामील करून घेणे इष्ट. मुलांना करवत धरावयास शिकविणे हे पुस्तकावरून होणारे काम नव्हे. अशा कारागिरासाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. अठरा पारंपरिक व्यवसायांच्या यादीत सुतारांचा समावेश असून, मूलभूत प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन व हत्यारांच्या खरेदीसाठी १५,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन देण्याची तरतूद तीत करण्यात आली आहे. ग्रामीण भागातील अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या स्तरावर होते. ती रखडली तर पुढील सर्वच रखडते. म्हणून सरपंचांनी आपल्या गावातील असे अर्ज प्रलंबित नाहीत ना, हे पाहावे.

राहिला प्रश्न नोंदीचा. शाळेसाठी खरेदी केलेली हत्यारे जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढविली जातात, आणि एखादी वस्तू हरवली तर उत्तर कोणी द्यावयाचे या चिंतेने ती कपाटात कुलूपबंद होतात. मुख्याध्यापकांची ही चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु त्यावर कुलूप हा एकच उपाय नाही. पेटीच्या आतील बाजूंवर व तळावर प्रत्येक हत्याराची बाह्याकृती रंगाने काढून ठेवावी. संध्याकाळी पेटी परत आली की कोणती आकृती रिकामी आहे हे यादी न वाचता, एका दृष्टिक्षेपात कळते. मूठ धरून पेटी नेणाऱ्याचे नाव व तारीख लिहिण्यासाठी दारामागे एक वही दोरीने बांधून ठेवली की पुरे. वहीची पेन्सिलही दोरीनेच बांधावी, अन्यथा पहिल्याच आठवड्यात ती नाहीशी होते.